कूळ एकच, कायदे वेगवेगळे

 

आमच्या कार्यक्रमाकडे जमिनीचे प्रश्न नेहमी येतात. त्यातला एक प्रश्न असा असतो : "माझ्या माहेरी आजोबांच्या वेळेला कुळाला जमीन मिळाली. सासरची माणसंही तशीच दुसऱ्याची जमीन कसत होती. मग त्यांना त्याच वेळेला का मिळाली नाही?" माहेर साताऱ्याकडचं, सासर बीडकडचं. किंवा माहेर अमरावतीचं आणि सासर नगर जिल्ह्यातलं. लग्न होऊन आपण दुसऱ्या घरी जातो, तेव्हा कधी कधी दुसऱ्या कायद्याखालीही जातो, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आज आपण हीच गोष्ट ऐकू. महाराष्ट्र हे एकच राज्य, पण कुळांना संरक्षण देणारे कायदे मात्र तीन. ते तीन का झाले, कुणाला काय मिळालं, आणि त्यात बायकांची नावं कुठे होती, कुठे नव्हती, ते पाहू.

आधी शब्द समजून घेऊ

मराठीत कूळ म्हणजे घराणं. कुळाचार, कुलदैवत आपण म्हणतो. आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंड देऊन कसणारा माणूसही. खंड म्हणजे जमिनीचं भाडं, मग ते पैशात असो की धान्यात. मुलूख बदलला की शब्द बदलतो. कोकणात अर्धेली म्हणतात, म्हणजे पिकाचा अर्धा वाटा मालकाला. मराठवाड्यात बटईनं किंवा ठोक्यानं जमीन करतात. विदर्भात मक्त्यानं घेतात. शब्द कुठलाही असो, घाम कुळाचा आणि जमीन मालकाची, हे सगळीकडे सारखंच.

कायदा नव्हता तेव्हा मालक म्हणेल तो खंड आणि मालक म्हणेल तेवढे दिवस. पेरणी झाल्यावरही जमीन काढून घेतली जायची. वीस वर्षं बांधबंदिस्ती केलेली, दगड वेचून साफ केलेली जमीन एका शब्दावर जायची. ते दगड बहुतेक वेळा बायकांनीच वेचलेले असायचे.

सरहद्दी कुणी आखल्या?

आजचा महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला. त्याआधी आपले मुलूख वेगवेगळ्या सत्तांखाली होते. कोकण, पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेश हे मुंबई प्रांतात होते. मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आणि वऱ्हाड हे मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ मुंबई राज्याला जोडले गेले. गोवा तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता.

राज्य एक झालं तेव्हा नकाशा एका दिवसात बदलला. जमिनीचे कायदे मात्र बदलले नाहीत. ज्या मुलखात जो कायदा होता तो तिथेच राहिला. म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या गावाला एक कायदा आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावाला दुसरा. मध्ये फक्त एक शिव.

कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र : लढून मिळवलेला कायदा

कोकणात खोती होती. खोत सरकारला सारा भरायचा आणि कुळांकडून त्याच्या कितीतरी पट वसूल करायचा. त्याशिवाय वेठबिगार वेगळीच. या खोतीविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ साली संप केला. नारायण नागू पाटील हे त्याचे पुढारी. कुळांनी ठरवलं, जमीन पेरायचीच नाही. हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं चालला. सहा वर्षं शेतात पीक नाही, मग घर कसं चाललं असेल? लाकूडफाटा विकून, मासे धरून, मजुरी करून. घरातल्या बायकांनी चूल पेटती ठेवली नसती तर हा संप सहा महिनेही टिकला नसता, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. १९३९ साली मुंबई प्रांतात कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा झाला. तो आधी काही भागांपुरताच होता. ठाणे जिल्ह्यात १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्यात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्या बरोबर उभे होते. वारली बायकाही त्या लढ्यात होत्या.

या सगळ्यातून १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. २८ डिसेंबर १९४८ पासून तो लागू झाला. खोती रद्द करणारा कायदाही १९४९ साली झाला. आता मालकाला वाटेल तेवढा खंड घेता येणार नव्हता. जिरायतीत पिकाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा आणि बागायतीत चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही, असं ठरलं. पुढे १९५६ ची मोठी दुरुस्ती झाली आणि खंड आणखी खाली आला : शेतसाऱ्याच्या पाचपट किंवा एकरी २० रुपये, यातलं जे कमी असेल तेवढंच.

आणि मग आला १ एप्रिल १९५७. याला कृषक दिन म्हणतात. त्या दिवशी जे कूळ स्वतः जमीन कसत होतं, ते कायद्यानं त्या जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. अर्ज करायची गरज नव्हती. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणानं ठरवायची, साऱ्याच्या २० पटीपासून २०० पटीपर्यंत. पैसे जास्तीत जास्त १२ वार्षिक हप्त्यांत भरायचे. सगळे पैसे भरले की प्रमाणपत्र. आजही जुन्या पेटीत "३२ ग" आणि "३२ म" असे शब्द लिहिलेले कागद सापडतात, ते याच कायद्याचे. ३२ ग म्हणजे किंमत ठरवल्याचा निकाल आणि ३२ म म्हणजे खरेदीचं प्रमाणपत्र.

पण कायद्यात पळवाटाही होत्या. "मला स्वतः जमीन करायची आहे" असं सांगून मालकाला कुळाकडून जमीन परत मागता येत होती. त्यासाठी ३१ डिसेंबर १९५६ च्या आत नोटीस द्यायची होती. कुळानं "मला जमीन नको" असं लिहून दिलं तरी जमीन जायची. असा राजीनामा लेखी हवा आणि मामलेदारानं तो खुशीचा आहे का हे तपासायला हवं, असं कायदा सांगत होता. पण ज्या मालकाकडून बी उसनं आणायचं, ज्याच्या विहिरीवर पाणी भरायचं, त्याच्यासमोर किती कुळांना "नाही" म्हणता आलं असेल?

मराठवाडा : निजामाच्या राज्यातून आलेला कायदा

निजामाच्या राज्यात जहागिरी होत्या. शिवाय निजामाच्या खासगीतली जमीन वेगळी. तिला सर्फेखास म्हणत. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या. शेजारच्या तेलंगणात शेतकऱ्यांचं सशस्त्र आंदोलन चालू होतं आणि जमिनीचा प्रश्न सरकारला पुढे ढकलता येण्यासारखा नव्हता. म्हणून १९५० साली हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. १० जून १९५० पासून तो लागू झाला. आजच्या छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या मुलखाला तोच कायदा मिळाला. तेलंगणातही तोच होता.

या कायद्यात महत्त्वाचा शब्द आहे संरक्षित कूळ. ठरावीक काळात सलग सहा वर्षं ज्यानं जमीन कसली, तो संरक्षित. त्यांच्या गावोगाव याद्या केल्या गेल्या. यादीत नाव असेल तर जमीन सहजासहजी काढता येत नव्हती आणि मालकाकडून ती विकत घेण्याचा हक्कही होता. पुढे दुरुस्ती होऊन असं ठरलं, की सरकार ज्या भागासाठी जी तारीख जाहीर करील त्या तारखेपासून संरक्षित कुळाच्या जमिनीची मालकी त्याच्याकडे जाईल.

फरक लक्षात आला का? साताऱ्यात १ एप्रिल १९५७ ला जो स्वतः कसत होता, तो साधं कूळ असला तरी खरेदीदार मानला गेला. बीडमध्ये भर संरक्षित कुळांच्या यादीवर होता. यादी करायला कारकून गावात आला त्या दिवशी जो हजर नव्हता, ज्याला लिहिता वाचता येत नव्हतं, ज्याचं नाव मालकानं सांगितलंच नाही, त्याचं काय झालं असेल याचा अंदाज आपण करू शकतो.

आणखी एक फरक फक्त बायकांसाठी महत्त्वाचा आहे. संरक्षित कूळ मेल्यावर त्याचा हक्क कुणाला? १९५० च्या या कायद्यात लिहिलं होतं : आधी त्याची औरस किंवा दत्तक मुलंबाळं, नातवंडं. त्यांच्यापैकी कुणीच नसेल तर त्याची विधवा, आणि तीसुद्धा दुसरं लग्न करीत नाही तोवरच. ज्या बाईनं नवऱ्याच्या बरोबरीनं ती जमीन कसली, तिचा नंबर लेकरांनंतर लागायचा. पश्चिम महाराष्ट्राच्या कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीनंतर शब्द वेगळे आहेत : कूळ मेलं तर त्याच्या ज्या वारसांना वहिवाट पुढे चालवायची तयारी आहे, त्यांच्याकडे ती चालू राहील. वारस म्हटलं की त्यात विधवाही आली, मुलगीही आली. म्हणजे शिवेच्या अलीकडची आणि पलीकडची बाई, दोघींचा नवरा त्याच वर्षी वारला, दोघींनी तेवढीच खुरपणी केली, तरी कायद्याच्या पुस्तकात दोघी वेगळ्या.

विदर्भ : मालगुजारी गेली, कूळ थांबलं

विदर्भात दोन मुलूख होते. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ या बाजूला, शेतकऱ्याच्या नावावर खातं असायचं. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या बाजूला मालगुजारी होती. गावचा मालगुजार सारा गोळा करायचा. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. त्याच वर्षी वऱ्हाडासाठी पट्ट्यानं जमीन करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला.

पुढे विदर्भ मुंबई राज्यात आला. नवा कायदा येणार, कुळांना जमीन मिळणार अशी चर्चा सुरू झाली, की कूळ काढून टाकायची घाई होते. म्हणून १९५७ साली विदर्भातल्या कुळांना काढू नये यासाठी आधी एक कायदा करावा लागला. मग १९५८ चा विदर्भ प्रदेशाचा कूळवहिवाट कायदा आला. तो पश्चिम महाराष्ट्राच्या कायद्याच्या वळणावर बेतलेला आहे. पण तिथे कुळाकडे मालकी जाण्याची तारीख ठरली १ एप्रिल १९६१. म्हणजे साताऱ्यानंतर बरोबर चार वर्षं. त्यात न बसलेल्या काही कुळांसाठी पुढे १ एप्रिल १९६३ ही तारीख आली.

चार वर्षं म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण कुळाच्या घरात चार वर्षं म्हणजे चार खरीप, चार रब्बी, आणि "जमीन सोड" असं सांगणारे चार उन्हाळे.

गोवा : घराच्या जागेचाही हक्क

आपल्या कितीतरी मैत्रिणींची नाती दोडामार्ग, सावंतवाडी, पेडणे अशी दोन्हीकडे आहेत. म्हणून गोव्याचंही पाहू. तिथे मालकाला भाटकार म्हणतात आणि त्याच्या जमिनीत त्याच्या संमतीनं घर करून राहणाऱ्याला मुंडकार. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ साली शेतीच्या कुळांचा कायदा झाला. पण कूळ मालक झालं ते पाचव्या दुरुस्तीनंतर, २० एप्रिल १९७६ ला. साताऱ्यानंतर एकोणीस वर्षांनी. १९७५ साली मुंडकारांचा कायदा झाला. त्यानं मुंडकाराला घरातून काढायला बंदी केली आणि घराची जागा विकत घ्यायचा हक्क दिला. तेव्हा गोव्याच्या मुख्यमंत्री एक बाई होत्या, शशिकला काकोडकर.

गोव्यात आणखी एक गोष्ट वेगळी आहे. तिथल्या जुन्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी दुसरा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. दोघांचा अर्धा अर्धा. घर किंवा जमीन विकायची तर बायकोची संमती लागते. सावंतवाडीतून पेडण्यात लग्न करून गेलेली मुलगी एस.टी.नं तासाभराचा रस्ता ओलांडते आणि तेवढ्यात तिचा हक्क बदललेला असतो.

गावातलं घर आणि शहरातली खोली

आपल्याकडे कुळाच्या घराला संरक्षण नाही का? आहे. १९४८ च्या कायद्यात तशी कलमं आहेत. मालकाच्या जागेवर कुळानं स्वतःच्या खर्चानं गावात घर बांधलं असेल तर त्याला सहजी काढता येत नाही. ती जागा आधी त्यालाच विकत घ्यायचा हक्क आहे. एवढंच नाही, तर असं घर बांधून राहणाऱ्या शेतमजुरांना आणि गावच्या कारागिरांनाही हा आसरा आहे. जमिनीचं काय झालं याची चर्चा गावात होते. घराच्या जागेच्या या कलमांची चर्चा फार थोड्या ठिकाणी झाली.

शहरातल्या भाड्याच्या घरांचीही अशीच तऱ्हा होती. पश्चिम महाराष्ट्राला १९४७ चा मुंबईचा भाडे कायदा. विदर्भाला १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश. तिथे भाडेकरूला घर सोडायची नोटीस देण्याआधी घरमालकाला भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. मराठवाड्याला १९५४ चा हैदराबादचा कायदा. पण ३१ मार्च २००० पासून हे तिन्ही गेले आणि सगळ्या राज्याला १९९९ चा एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. आपल्या मुली शिकायला पुण्याला, नाशिकला, नागपूरला जातात, खोली घेतात. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं : जिथे हा कायदा लागू आहे तिथे भाड्याचा करार लेखी हवा, त्याची नोंदणी हवी, आणि ती करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं आहे हे घरमालकानं सिद्ध करायचं.

म्हणजे शहरातल्या भाडेकरूसाठी तीन कायद्यांचा एक झाला. शेतातल्या कुळासाठी मात्र तीनाचे तीनच राहिले.

कायद्याला बाई कुठे दिसली?

आता आपण मुद्द्यापाशी आलो. तीन मुलूख, तीन कायदे. पण एका बाबतीत तिन्हीकडे गोष्ट सारखीच घडली. हक्क मिळाला तो नाव लागलेल्या माणसाला. आणि नाव लागलं ते घरच्या कर्त्या पुरुषाचं.

"स्वतः जमीन कसणं" म्हणजे काय, हे १९४८ च्या कायद्यानं सांगितलं आहे. स्वतःच्या मेहनतीनं किंवा कुटुंबातल्या कुणाच्या मेहनतीनं. म्हणजे बायकोनं नांगरटीमागं बी पेरलं, निंदणी केली, कापणी केली, तर ते कुळानं स्वतः कसलं असंच मोजलं गेलं. तिच्या कष्टावर नवऱ्याचा हक्क शाबीत झाला. तिचं स्वतःचं नाव मात्र कुठेच आलं नाही.

कायद्याला बाई दिसली ती एका वेगळ्याच जागी, जमिनीची मालकीण म्हणून, तीही विधवा असेल तर. जमिनीची मालक विधवा, अज्ञान मूल किंवा अपंग असेल तर १ एप्रिल १९५७ ला ती जमीन कुळाची झाली नाही. ती तारीख पुढे गेली. एकट्या बाईचा आधार तुटू नये, हा हेतू चांगलाच होता. विधवेचा हक्क संपल्यावर, म्हणजे बहुतेक वेळा ती वारल्यावर, ठरावीक मुदतीत कुळानं खरेदीची नोटीस द्यायची होती. पण मालकीण दूर शहरात वारली, हे गावातल्या कुळाला कसं कळणार? मुदत टळली म्हणून कितीतरी कुळांचे हक्क अडकले आणि खटले वर्षानुवर्षं चालले. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की विधवेनंतर जो मालक होतो त्यानं ही गोष्ट कुळाला कळवायला हवी. कायद्यानं एका बाईला सावली द्यायला जावं आणि दुसऱ्या बाईच्या घरावर ऊन यावं, असं इथे झालं. मालकीण विधवा होती, आणि तिची जमीन कसणाऱ्या कुळाच्या घरातही एक बाई होतीच की.

वारसाहक्काचंही पाहा. १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. मुलीला, बायकोला, आईला बापाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या मिळकतीत वाटा मिळाला. पण त्यात एक छोटं कलम होतं : शेतजमिनीच्या कुळहक्काचा वारसा राज्याचा जो कायदा ठरवील तसाच चालेल. म्हणून मराठवाड्याचं ते "विधवा शेवटी" असलेलं कलम तसंच राहू शकलं. उत्तर प्रदेशात तर मुलगा, नातू, पणतू आधी आणि बायका मागे, असा क्रम होता. वारसा कायद्यातलं ते छोटं कलम २००५ च्या दुरुस्तीत काढलं गेलं. एकोणपन्नास वर्षं लागली.

मधल्या काळात लोकांनीही प्रयत्न केले. शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन घेतलं. पुढे १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम सुरू केली : नवऱ्यानं आपल्या हयातीतच जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करून द्यायचा. गावोगाव अनेक शेतकऱ्यांनी तसं केलं. कूळकायद्यानं जे केलं नाही, ते त्यांनी घरातल्या घरात केलं.

आज जमीन वाट्यानं घेणाऱ्या बायका

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. आता कूळ राहिलंय कुठे? आम्हाला वाटतं, राहिलंय, फक्त नाव बदललंय. आज आपले कितीतरी गट एकत्र येऊन दुसऱ्याची जमीन वाट्यानं किंवा खंडानं घेतात. भाजीपाला करतात, हळद करतात. करार तोंडी असतो. का? कारण मालकाला भीती वाटते, की कागद केला तर हे लोक कूळ म्हणून लागतील आणि जमीन जाईल. ही भीती अगदीच खोटी नाही. १९५७ नंतर नव्यानं लागलेल्या कुळालाही ठरावीक मुदतीत खरेदीचा हक्क या कायद्यात ठेवलेला आहे. जो कायदा कुळाच्या रक्षणासाठी झाला, त्याच्याच धाकानं आज कागद होत नाही. आणि कागद नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, गारपिटीची भरपाई जाते मालकाच्या खात्यावर.

यावर दुसऱ्या राज्यांनी वाटा काढल्या आहेत. आंध्र प्रदेशानं २०१९ साली पीक करणाऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. त्यात अकरा महिन्यांचा करार होतो, कसणाऱ्याला कार्ड मिळतं, आणि मालकाच्या मालकीला धक्का लागत नाही. २०१६ साली केंद्राच्या नीती आयोगानंही जमीन भाड्यानं देण्याच्या कायद्याचा एक नमुना राज्यांपुढे ठेवला. म्हणजे मालकाची भीती आणि कसणारीचा हक्क, दोन्ही एका कागदावर बसू शकतात. आपल्या गटांनी, ग्रामसभांनी ही मागणी करायला काय हरकत आहे?

एवढं मात्र पाहून ठेवा

शेवटी कामाच्या चार गोष्टी सांगतो. एक, तुमच्या घरची जमीन कुळाची असेल तर ती कोणत्या कायद्याखाली आली ते पाहा. जुन्या निकालावर कायद्याचं नाव आणि वर्ष लिहिलेलं असतं : १९४८, १९५० की १९५८. शेजारणीला लागू झालं ते तुम्हाला लागू होईलच असं नाही, विशेषतः तिचं माहेर दुसऱ्या मुलखातलं असेल आणि ती तिकडचं सांगत असेल तर.

दोन, सातबाऱ्यावर "इतर हक्क" हा रकाना वाचा. कुळाचं नाव तिथे असतं. जुने फेरफार काढा. गाव नमुना सात-अ हा कूळवहिवाटीचाच नमुना आहे, तो मागा. खरेदीचं प्रमाणपत्र मिळालं असेल पण सातबाऱ्याला नोंद झाली नसेल, असंही पुष्कळ ठिकाणी दिसतं.

तीन, घरातलं माणूस वारलं की वारसनोंद करताना आईचं, बायकोचं आणि लेकींचं नाव लागलं का ते स्वतः पाहा. "नंतर लावू" म्हणून सोडू नका. आणि हक्कसोडपत्रावर सही मागितली तर ते आधी गटात वाचून घ्या.

चार, राजीनामा, जबाब, तडजोड, असा कुठलाही कागद न वाचता त्यावर अंगठा किंवा सही करू नका. या सगळ्या इतिहासात जमिनी जितक्या कायद्यानं मिळाल्या, तितक्याच अशा एका अंगठ्यानं गेल्या आहेत.

मैत्रिणींनो, चरीच्या कुळांनी सहा वर्षं जमीन पडीक ठेवली, तेव्हा कूळ हा शब्द कायद्यात आला. त्या शब्दामागं असलेल्या बाईचं नाव कागदावर यायला अजून पुष्कळ गावांत बाकी आहे. येत्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घरचा सातबारा घेऊन यावा, एवढीच आमची विनंती. वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. आणि कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, ते वहीत मांडून ठेवावं.